दार नंबर एकसष्ट

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेलो की मी आधी छताकडे बघतो. यजमान हात जोडून उभे असतात, बाई ‘या, या’ म्हणत असतात आणि आमची मान वर. बायकोने या सवयीपायी चारचौघांत मला पुष्कळदा कोपर मारलं आहे. लोकांना वाटतं तुम्ही कोळिष्टकं शोधताय, असं तिचं म्हणणं. कोळिष्टकांशी मला काही देणंघेणं नाही. मी बघत असतो की दिवा कुठे लावलाय आणि त्याचा उजेड कुणाच्या वाट्याला येतो. स्वयंपाकघरातला बल्ब भाजी चिरणारीच्या पाठीमागे असला, तर तिच्या हातावर तिचीच सावली पडते. असली घरं मला आता दारातूनच कळतात. ही खोड मला हैदराबादेत लागली आणि ती लावणाऱ्या बाईंचं नाव शकुंतला भालकीकर. सगळे त्यांना शकुअक्का म्हणायचे.

नव्वदीच्या मधली वर्षं होती ती. देशाची दारं उघडली होती आणि त्या दारांतून बाहेरचं जग आत येण्याआधी पुण्यातली पोरं बाहेर पडत होती. मी चोवीस वर्षांचा, गळ्यात टाय, टायवर कालच्या सांबाराचा डाग. आमची कंपनी म्हणजे अकरा माणसं आणि एक पाटी. त्या कंपनीला हैदराबादच्या एका वीज कार्यालयाची बिलं कॉम्प्युटरवर आणायचं काम मिळालं आणि मला कुकटपल्लीला धाडण्यात आलं. कार्यालयाच्या एका बाजूला वसाहती, दुसऱ्या बाजूला कारखान्यांची रांग आणि मधून बसचा धूर. माझा प्रोग्रॅम सुरू झाला की हाताने लिहायची सगळी रजिस्टरं कायमची मिटणार होती. त्यामुळे मला स्वतःबद्दल भलताच आदर वाटत असे.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी कार्यकारी अभियंता राव साहेबांनी त्याची पूजा ठेवली. नारळ, फुलं, अगरबत्ती. मॉनिटरच्या कपाळी कुंकू लागलं. खोलीत दोन एसी बसवले होते आणि गुरुजींसकट सगळे कुडकुडत होते. तेवढ्यात दार ढकलून एक ठेंगण्या बाई आत आल्या. नारायणपेठी साडी, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला बेगम बाजारातून घेतलेली किराण्याची कापडी पिशवी. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्या टायकडेही पाहिलं नाही. मान वर करून आधी एक एसी पाहिला, मग दुसरा.

“याला उकडतं का रे?” त्यांनी मला मराठीत विचारलं.

मी मराठी आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी सांगितलं की यंत्र थंड ठेवावं लागतं.

“माणूस गरम झाला तर चालतं, यंत्र नाही. बरं आहे.” त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत आलो तर जमिनीवर सतरंजी अंथरलेली होती आणि अक्का, लाइनमन यादगिरी आणि खांबांवर चढून आलेली आणखी पाच माणसं माझ्या कॉम्प्युटरभोवती जेवायला बसली होती. मी काही बोलायच्या आत अक्कांनी अंबाडीची भाजी आणि भाकरी माझ्या हातावर ठेवली. “सरकारी थंडी आहे पुणेकर, एकट्याने खाऊन अपचन होईल.” त्या दिवसापासून माझं नाव पुणेकर पडलं आणि खोलीचं नाव मेस.

अक्कांचं टेबल नवीन जोडण्यांचं. तीस वर्षं त्याच टेबलावर. बढतीची संधी आली की त्या दुसऱ्याचं नाव सुचवायच्या, कारण बढतीच्या टेबलावर अर्ज येत नाहीत, नुसत्या फायली येतात. ज्याच्या घरी दिवा नाही त्याने आधी अक्कांसमोर उभं राहायचं, हा कुकटपल्लीचा अलिखित कायदा होता. त्या सुलतान बाजारात राहायच्या, रोज दोन बस बदलून यायच्या आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला ‘तुमच्याकडं मीटर आहे का’ असं विचारायच्या. लोक मुलंबाळं विचारतात तसं.

त्यांच्या पिशवीत कायम एक चाळीस वॅटचा बल्ब असे, होल्डर आणि हातभर वायरसकट, जुन्या रुमालात गुंडाळलेला. बस दणकली की त्या पिशवी पोटाशी धरायच्या. नवी जोडणी झाली की घरमालकाकडे बल्ब नसण्याची शक्यता त्यांनी अनुभवाने गृहीत धरलेली होती. पहिला उजेड आपल्या बल्बचा पाडायचा, घरातल्यांचे चेहरे बघायचे, आणि मग बल्ब काढून पुन्हा रुमालात. एका बल्बने किती घरं उजळली ते त्या मोजत नसत. बल्ब गेला की दुसरा घ्यायच्या आणि त्यालाही तोच रुमाल.

दुसरी सवय पंख्यांची. रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरताना दिसला की त्यांचा हात आपोआप बटणाकडे जाई. बँक असो, लग्नाचं कार्यालय असो, दवाखाना असो. एका लग्नात त्यांनी व्याह्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. व्याही जागेवरच होते, पण सोफ्याच्या उंच पाठीआड त्यांना दिसले नाहीत. ते घामाघूम होऊन उठले तेव्हा मुलीकडचे धावत आले. अक्कांनी शांतपणे बटण दाबलं आणि म्हणाल्या, “दिसला नाहीत. पुढच्या वेळी टोपी घालून बसा.”

‘लाइट गेली’ हे शब्द त्यांच्यासमोर काढायची चोरी. “गेली म्हणू नको, नेली म्हण. कोणाकडं नेली ते विचार.” सुलतान बाजारातल्या त्यांच्या गल्लीत अंधार झाला की अक्का समोरच्या औषधवाल्याच्या फोनवरून कार्यालयाला विचारायच्या, आमची वीज आत्ता कोणाकडं आहे. पलीकडचा माणूस गोंधळायचा. मग त्या चढ्या आवाजात समजावून सांगायच्या की आमच्याकडची घेतली म्हणजे कुठं तरी दिली असेल, ज्यांना दिली त्यांना आमचा नमस्कार सांगा आणि त्यांची पाळी कधी तेही सांगा. फोनभोवती गर्दी जमे. औषधवाल्याची त्या वेळी चांगली विक्री होई, म्हणून त्याने अक्कांना फोन कधी नाकारला नाही.

हे वेड आलं कुठून, असं मी एकदा जेवताना विचारलं. अक्का सहसा स्वतःबद्दल बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या, तेही लोणच्याची फोड शोधता शोधता. भालकीच्या बाजूला त्यांचं गाव, वडील मोठे शेतकरी. गावात वीज आली ती त्यांच्या घरापर्यंत आली आणि तिथेच थांबली. शेवटचा खांब त्यांच्याच अंगणात. पलीकडच्या वस्तीतली रुक्मिण त्यांच्या वर्गातली. ती संध्याकाळी अंगणाच्या कुंपणापाशी बसून आतल्या दिव्यावर वाचायची. छोट्या शकूने स्टुलावर चढून दिवा खिडकीकडे ओढला, म्हणजे रुक्मिणच्या पानावर उजेड पडेल. वायर तुटली, घर अंधारात गेलं आणि वडिलांनी तिला चांगलं बदडलं.

“मार लागला नाही रे,” अक्का म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी रुक्मिण आलीच नाही, ते लागलं.” मग त्यांना फोड सापडली आणि त्यांनी ती यादगिरीच्या डब्यात टाकली.

आता सीताफळगुट्ट्याबद्दल सांगायला हवं. कारखान्यांच्या मागे एक खडकाळ गुट्टा, म्हणजे टेकडी, होती, तिच्या उतारावर साठ घरं. सीताफळाचं एकही झाड नाही, एक चिंच तेवढी. कारखान्यांकडे जाणाऱ्या जाड तारा या घरांच्या डोक्यावरून जात आणि घरांत रॉकेलच्या चिमण्या. त्यातल्या त्यात सोय म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याच्या भिंतीवर एक मोठा दिवा होता आणि त्याचा निम्मा उजेड भिंतीवरून वस्तीत सांडायचा. सायम्मा नावाची एक उंच, काळीसावळी बाई ब्लाउज शिवायची. तिने आपलं मशीन भिंतीला लागून ठेवलं होतं. पोरं तिथेच पाटी घेऊन बसायची, म्हाताऱ्या तिथेच तांदूळ निवडायच्या. रविवारी कारखाना बंद, म्हणजे वस्तीत अंधार. मग त्या वर्षी कारखान्याने तो दिवा फिरवून आतल्या बाजूला केला, आणि सायम्मा दुसऱ्याच दिवशी अक्कांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

“अक्का, हमारे लोगां कू भी करंट होना,” ती म्हणाली. “फुकट नक्को. मीटर डाल के होना.”

अक्का आनंदाने वेड्या व्हायच्या बाकी होत्या. त्यांनी त्याच आठवड्यात साठ अर्ज भरून घेतले. यादगिरीने खांबाची जागा पाहिली. आणि ते साठही अर्ज माझ्या प्रोग्रॅमने नाकारले.

कारण असं होतं की मी अर्जाच्या पडद्यावर ‘घर क्रमांक’ असा एक चौकोन केला होता आणि तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नसे. सीताफळगुट्ट्यात कुठल्याही दाराला नंबर नव्हता. नगरपालिका म्हणे, नंबर हवा तर विजेचं बिल दाखवा. आणि बिल हवं तर नंबर दाखवा, असं माझा प्रोग्रॅम म्हणत होता. मार्चअखेर हाताने लिहायची रजिस्टरं मिटणार होती. त्यानंतर ज्यांचं नाव कॉम्प्युटरमध्ये नाही ती वस्ती अनधिकृत ठरणार, तिला जोडणी मिळणार नाही, पुढे कधी अर्जही घेतला जाणार नाही. त्याच मार्चअखेरीस अक्का निवृत्त होत होत्या. त्यांच्यामागे ते टेबलच राहणार नव्हतं.

त्या माझ्याकडे आल्या. मी टाय सारखा केला आणि सांगितलं की पडद्याचा आराखडा साहेबांनी सही करून मंजूर केलाय, आता बदलता येणार नाही.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. “कामून रे, तू पुण्याहून आलास म्हणून जगातल्या सगळ्या दारांवर पाट्या असतात असं वाटलं का तुला?”

मला आयुष्यात इतकं अचूक कुणी झोडपलेलं नाही. खरंच मला तसंच वाटलं होतं. आमच्या पेठेत घराला नंबर, नंबरावर नाव, नावाखाली वेळा आणि त्याखाली विक्रेत्यांना सूचना. दाराला नंबर नसलेलं घर मी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून माझ्या कॉम्प्युटरनेही पाहिलं नाही. माझी लाज कुठे ठेवावी ते मला कळेना.

पण अक्का गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून एक जुना अर्ज काढला. तो पाहून मी हसलो, कारण त्याची कहाणी मला ठाऊक होती.

कहाणी मागच्या गणपतीतली. सुलतान बाजारात मराठी मंडळींचा गणपती बसे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीचा मान अक्कांचा. त्यांनी तबक हातात घेतलं आणि सवयीने वर पाहिलं. रोषणाईची सगळी वायर मांडवामागच्या खांबावर आकडा टाकून घेतलेली. अक्कांनी तबक खाली ठेवलं. “सुखकर्ता नंतर. आधी हा आकडा काढा.” कार्यकर्ते म्हणाले, अक्का, देवाचं काम आहे. अक्का म्हणाल्या, देवाचं आहे म्हणून तर. आकडा निघाला, मांडव अंधारात गेला, आणि समयांच्या उजेडात अक्कांनी तात्पुरत्या जोडणीचा अर्ज काढून बसकण मारली. अर्जदार कोण, यावर सगळे कार्यकर्ते एकमेकांच्या मागे लपायला लागले. तेव्हा अक्कांनी स्वतःच लिहिलं. अर्जदाराचं नाव, श्री. गणेश. वडिलांचं नाव, शंकर. पत्ता, खांब क्रमांक नऊच्या उजव्या हाताला. सही म्हणून मूर्तीच्या पायाचं कुंकू लावून एक अंगठा उठवला. तो कुणाचा हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी रीतसर मंजूर होऊन आला. आरती एक दिवस उशिरा झाली आणि अशी दणदणीत झाली की मंडळाचा ढोल फुटला.

तोच मंजूर अर्ज घेऊन अक्का राव साहेबांसमोर उभ्या राहिल्या. मी मागे. राव साहेब भला माणूस, रोज कपाळाला विभूती, आणि कागदाला फार भिणारा.

“साब,” अक्का म्हणाल्या, “ये अर्जदार का घर नंबर दिखाओ.”

साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. “ये तो… वो टेंपररी था अक्का.”

“हौ. दस दिन का मेहमान, उसकू खांब से गिन के करंट दिये. मेरे सीताफळगुट्टे वाले बीस बरस से वहींच बैठे हैं. इनकू कैकू नक्को? या फिर लिख के देओ, गणपती का अर्ज गलत था. मैं फाइल में लगा देती.”

राव साहेबांनी एकदा अर्जावरच्या कुंकवाकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाकडे, आणि मग पेन उघडलं. गणपतीविरुद्ध शेरा मारायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी आदेश लिहिला की जिथे नगरपालिकेचा क्रमांक नसेल, तिथे जवळच्या विजेच्या खांबापासून मोजून दारावर रंगवलेला क्रमांक ग्राह्य धरावा. मला प्रोग्रॅममध्ये दोनच ओळी बदलाव्या लागल्या. इतका वेळ ज्या बदलाला मी अशक्य म्हणत होतो, त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

आता दारांवर क्रमांक रंगवायचे राहिले. पाट्यांचा अनुभव असलेला कार्यालयात एकच माणूस, असं अक्कांनी जाहीर केलं. पुढच्या रविवारी मी हातात तांबड्या रंगाचा डबा घेऊन सीताफळगुट्ट्यात उभा होतो, गळ्यात टाय नाही, कमरेला सायम्माचा फडका.

सुरुवात खांब क्रमांक चौदापासून. पहिलं दार सायम्माचंच. तिथे मी झोकदार ‘१’ काढला, तर सायम्मा म्हणाली, हा आकडा आमचा पोस्टमन वाचू शकणार नाही, म्हणून शेजारी इंग्रजीही काढला. मग गल्ली टेकडीला वळसा घालत वर गेली. अक्का पुढे वही घेऊन नावं लिहीत होत्या, मी मागून रंगवत होतो, आणि माझ्यामागे निम्मी वस्ती, माझा प्रत्येक आकडा सुकेपर्यंत फुंकर मारायला. एक म्हातारी दार सोडेना. तिला पाच हवा होता, कारण पाच मुलं. तिच्या वाट्याला आला होता अठरा. अक्कांनी तिला समजावलं की अठरा म्हणजे सगळी नातवंडं धरून. म्हातारीने बोटांवर नातवंडं मोजली, दोन कमी पडली, तेव्हा सुनेकडे रोखून पाहत तिने अठरा मान्य केला.

उन्हं उतरली तसे आम्ही टेकडीच्या पलीकडून खाली आलो. सायम्मा चहा टाकायला केव्हाच घरी गेली होती. शेवटचं दार बंद होतं. समोर चिंचेखाली एक दगडी कट्टा, आणि वस्ती अजून मागच्या दारांवर फुंकर मारत होती. अक्कांनी वहीत लिहिलं, ‘नाव नंतर’. मी रंगवलं, एकसष्ट. तेवढ्यात ते दार उघडलं आणि हातात चहाचे पेले घेऊन सायम्मा बाहेर आली.

घर तिचंच होतं. हे मागचं दार. गल्लीने पूर्ण वळसा घेतला होता आणि साठ घरांना एकसष्ट क्रमांक पडले होते. सायम्माने ओला आकडा पाहिला, मला पाहिलं आणि ती अशी हसत सुटली की पेल्यांतला निम्मा चहा कट्ट्यावर. मागून येऊन पोचलेली वस्तीही हसली. मी घाईने कमरेचा फडका सोडून आकडा पुसायला लागलो, तर अक्कांनी माझा हात धरला.

“असू दे.” त्या चिंचेकडे बघत होत्या. “या कट्ट्यावर एक दिवा हवाच होता. घरातल्या दिव्यावर घरचे वाचतील. ज्यांना घरात जागा नाही त्यांनी कुठं बसायचं?”

मला कुंपणापाशी बसलेली रुक्मिण आठवली. मी फडका खाली टाकला.

पण दिवा कट्ट्याचा असला तरी जोडणीला नाव लागतं. सायम्मा म्हणाली, लिहा भालकीकर. अक्कांनी साफ नाही म्हटलं. ज्या टेबलावर मी अर्ज घेते तिथे माझा अर्ज मी घेणार नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. साठ नावं कॉम्प्युटरमध्ये गेली आणि एकसष्टची जागा मार्चच्या शेवटच्या दिवसापर्यंत कोरी राहिली.

त्या दिवशी पाच वाजता कॉम्प्युटर नवे अर्ज घेणं बंद करणार होता आणि साडेचारला अक्कांचा निरोप समारंभ. हार, शाल, राव साहेबांचं भाषण. भाषण लांबलं. अक्का खुर्चीवर चुळबुळत होत्या आणि माझं लक्ष घड्याळावर. पाच वाजले. साहेब म्हणाले, आजपासून, नव्हे आत्तापासून, अक्का आपल्या कर्मचारी नाहीत. त्यासरशी अक्का गळ्यातल्या हारासकट उठल्या, टेबलाच्या पलीकडे गेल्या, जिथे तीस वर्षं लोक उभे राहिले होते तिथे उभ्या राहिल्या आणि पिशवीतून एकसष्टचा भरलेला अर्ज काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. माझ्या कॉम्प्युटरचं घड्याळ त्या दिवशी पाच मिनिटं मागे होतं. ते मागे कसं झालं, हे राव साहेबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढे त्या गप्प बसल्या नाहीत, हे मला लोकांकडून कळत राहिलं. वीजदरांवर जाहीर सुनावण्या व्हायला लागल्या तेव्हा अक्का प्रत्येक सुनावणीला जात, सुटाबुटातल्या माणसांच्या मध्ये बसत आणि बोलायची पाळी आली की टेबलावर तो रुमालातला बल्ब ठेवून सुरुवात करत. त्यातलं मी काही पाहिलं नाही. मीटर बसले त्याच आठवड्यात कंपनीने मला बंगळुरूला पाठवलं. म्हणून माझ्या डोळ्यांत राहिलेल्या अक्का मीटर बसले त्या संध्याकाळच्या.

यादगिरीने खांबावर चढून शेवटची तार जोडली तेव्हा सात वाजत आले होते. साठ दारं उघडी. बायकांनी मीटरला हळदकुंकू लावलं होतं, एकीने तर मीटरला फुलाची वेणीही घातली होती. अक्कांनी आपला बल्ब सायम्माच्या मशीनवर टांगला. फ्यूज बसला आणि वरपासून खालपर्यंत वस्ती एकदम पिवळी झाली. ‘वच्चिंदी’, आला, असा एकच गलका. अठरा नंबरच्या म्हातारीने बल्बला हात जोडले. मी सायम्माकडे पाहिलं. ती मशीनवर बसली होती, पण शिवत नव्हती. आपल्या हातांवरचा उजेड बघत होती. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

दहा मिनिटं झाली असतील. आणि सगळं विझलं. नेहमीचं भारनियमन.

मग अंधारात अक्कांचा हसण्याचा आवाज आला. त्या कट्ट्यावर बसून पोट धरून हसत होत्या. सायम्मा घाबरली, म्हणाली, अक्का, करंट गया, हसते कैकू?

“अगं,” अक्का डोळे पुसत म्हणाल्या, “वीस वर्षांत तुमच्याकडची वीज कोणी नेली होती का? न्यायला आधी असावी लागते. चला आता, विचारायला जाऊ.” मग तेच त्यांनी दखनीत आणि तेलुगूत सांगितलं, आणि गल्लीत हसू वरपर्यंत चढत गेलेलं ऐकू आलं.

संधिप्रकाशात साठ घरांतली माणसं कारखान्यांच्या भिंतीच्या कडेने कुकटपल्लीच्या कार्यालयाकडे निघाली. प्रत्येकाच्या हातात मीटर बसवताना मिळालेली चिठ्ठी, तिच्यावर स्वतःचं नाव आणि दाराचा नंबर. तक्रारीच्या खिडकीत यादगिरी होता. नुकताच खांबावरून उतरून ड्यूटीवर आलेला. त्याने समोरची रांग पाहिली आणि कपाळाला हात लावला. पण तक्रारीची वही उघडली. एक नंबर, सायम्मा. दोन नंबर. अठरा नंबर, म्हातारीने नाव सांगून वर साहेबांना भेटायचंय असंही सांगितलं. कुणी विनवत नव्हतं. सगळे विचारत होते, आमची वीज कुठे नेली.

मी गेटजवळ उभा होतो. रांगेच्या शेवटी अक्का, पिशवी पोटाशी धरून, पायाच्या बोटांवर उंच होत पुढे बघणाऱ्या. त्या खिडकीशी पोचल्या तेव्हा यादगिरीला हसू आवरेना, पण त्याने चेहरा सरकारी केला आणि पेन उचललं.

“नाव?”

“शकुंतला भालकीकर.”

“घर नंबर?”

“एकसष्ट,” अक्का म्हणाल्या. “मागचं दार.”